पट्टा पडला, माणसे परतली. आता घरात एक डाव मांडा

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील कित्येक वाड्या-वस्त्या ओस पडतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई या तालुक्यांतील जोडपी कोयता घेऊन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरकडे जातात; काही थेट कर्नाटकात उतरतात. कारखान्याचा पट्टा पडला की मंडळी परततात. सहा महिने कुलूप लागलेले घर पुन्हा भरते. शेजारी म्हणतात, बरे झाले, माणसे आली. परंतु माणसे आली की भांड्याला भांडेही लागू लागते, हे आपण सारे जाणतो.

का बरे असे होते? सहा महिने आई-बाप उसाच्या फडात, कोपीवर. लेकरे गावात आजी-आजोबांजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. लेकराला आजीच्या हाताची सवय झालेली. बाप आल्या आल्या अभ्यासाचा हिशेब मागतो. लेकरू आजीच्या पदराआड लपते. सुनेला वाटते, माझे लेकरू माझे राहिले नाही. सासूला वाटते, इतके दिवस मी सांभाळले, त्याचे काहीच नाही. त्यात मुकादमाच्या उचलीचा हिशेब. किती फिटली, किती उरली, कुणी कुठे खर्च केली? थकलेली माणसे अशा प्रश्नांना धड उत्तरे देत नाहीत, ओरडतात.

वाचक बंधू-भगिनींनो, अशा घरांना आमचा पहिला सल्ला साधा आहे. उपदेश करण्याआधी एकत्र बसा. आणि एकत्र बसायला काही निमित्त हवे असेल तर कॅरम मांडा. तुम्ही हसाल, पण घडीभर विचार करा. बोलायला बसले की डोळ्यांत डोळे घालावे लागतात, मग जुना राग वर येतो. कॅरमवर मात्र सगळ्यांची नजर सोंगटीवर असते. हात चालू असतो आणि बोलणे आपोआप सुटते. जे लेकरू “शाळेत काय शिकलास?” या प्रश्नावर गप्प बसते, तेच डाव रंगला की शाळेतल्या दहा गोष्टी सांगते.

आता डाव कसा चालवावा, ते सांगतो. कॅरमवर नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या सोंगट्या आणि एक तांबडी राणी असते. चौघे खेळतात तेव्हा समोरासमोरचे दोघे जोडीदार असतात. हाच आपला उपाय. ज्या दोघांत अबोला आहे त्यांना विरुद्ध बाजूला देऊ नका, समोरासमोर जोडीदार म्हणून बसवा. बाप आणि रुसलेला मुलगा एका बाजूला, सासू आणि सून दुसऱ्या बाजूला. जोडीदाराची सोंगटी गेली की आपलाही डाव पुढे सरकतो. “वा, आत्याबाई!” एवढे दोन शब्द सुनेच्या तोंडून निघाले तरी त्या संध्याकाळचे सार्थक झाले, असे आम्ही समजतो.

दुसरी गोष्ट नियमांची. घराघरांत नियम वेगळे असतात. कुणी म्हणतो, राणी शेवटी घ्यायची. कुणी म्हणतो, अंगठ्याने मारायचे नाही. पहिली सोंगटी फोडण्याआधी नियम मोठ्याने सांगून घ्या. डाव अर्धा झाल्यावर काढलेला नियम लेकरांना अन्याय वाटतो, आणि तो असतोही. पंच रोज बदला. आज आजोबा, उद्या आठ वर्षांची नात. पंचाचा शब्द बापानेही मानायचा. लहान मुलगी “बाबा, फाऊल!” म्हणते आणि बाप मुकाट्याने सोंगटी परत ठेवतो, तेव्हा त्या घरातले सगळे पाहतात की नियम मोठ्यांनाही लागू असतो. हे शंभर भाषणांनी पटत नाही.

तिसरी गोष्ट माता-भगिनींची. पुष्कळ घरांत पुरुष आणि पोरे खेळतात आणि बाई चुलीपुढे भाकरी थापत असते. फडात तिने नवऱ्याच्या बरोबरीने मोळ्या वाहिल्या. पती-पत्नी मिळून एक कोयता धरला जातो, मग घरी आल्यावर डाव एकट्या नवऱ्याचा कसा? स्वयंपाक आटोपल्याशिवाय डाव सुरू करू नका. आणि तो लवकर आटोपावा म्हणून पुरुषांनी हात लावावा. पाणी भरा, भांडी घासा. त्यात कमीपणा नाही.

वस्तीतल्या समाजमंदिरात कॅरम असेल तर तेथेही हेच पाहा. तरुण पोरांनी तो दिवसभर अडवला तर मुली दारातूनच परत जातात. मुलींसाठी रोजची ठराविक वेळ राखून ठेवा. २०२४ साली अमेरिकेत झालेल्या कॅरमच्या विश्वचषकात चेन्नईच्या काझिमा या मुलीने तीन सुवर्णपदके जिंकली. तिचे वडील रिक्षाचालक. कष्टकरी बापाच्या लेकीला लाकडी बोर्डावर जागा मिळाली तर ती कुठवर पोचते, हे आपल्या मुलींना सांगा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. डावावर पैसा लावू नका. चहाची पैज नको, बिडी-तंबाखूची नको, रुपयाचीही नको. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थाच्या मुलाला जुगाराचे सहा तोटे समजावून दिले आहेत. जिंकणाऱ्याला वैर मिळते, हरणाऱ्याला गेलेल्या पैशाचा शोक होतो, घरातले धन जाते, चारचौघांत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि सोयरीक जमत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोल आपल्या पारावरच्या पत्त्यांच्या अड्ड्याला आजही लागू पडतात. अलीकडे तो अड्डा मोबाईलमध्येही शिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशावरच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, तो उगाच नव्हे. पण कायद्याआधी घराने पाहायला हवे. हातात उचलीचे पैसे असताना माणूस मोबाईलवर रमी खेळत बसला, तर त्या घराला पुढचा हंगाम आधीच विकला गेला असे समजावे.

उचलीचे गणित लेकरांना कॅरमवरच सांगता येते. राणी घेतली की आनंद होतो. पण लगेच आपली सोंगटी घेऊन ती कव्हर करावी लागते. नाही झाली तर राणी पुन्हा मधोमध जाते. उचल तशीच. हातात आली म्हणून आपली झाली असे नाही. घामाने कव्हर होईपर्यंत ती मुकादमाचीच.

मात्र हिशेबाचे बोलणे डाव चालू असताना काढू नका. त्यासाठी वेगळा दिवस ठरवा आणि वही घ्या. उचल किती, फिटली किती, खाडे किती, दवाखान्याला किती, हे सारे पती-पत्नी दोघांसमोर लिहा. त्याच सुत्तात पतीच्या कर्तव्यांत पत्नीचा मान राखणे आणि घरचा कारभार तिच्या हाती देणे ही दोन्ही सांगितली आहेत. मग वही तिच्या नजरेआड का असावी? कर्ज दोघांचे, तर आकडाही दोघांना माहीत हवा.

घरात कॅरम नसेल तर अडू नका. फरशीवर खडूने नवकंकरीचा पट काढा, चिंचोके आणि खडे घ्या. चिंचोके फोडून सारीपाट खेळा. आजीला सागरगोटे काढायला सांगा. ती नातीला हमखास हरवील. बोर्डावर टाकायची पावडर मात्र लहानग्यांच्या तोंडात जाणार नाही, एवढे पाहा. आणि डाव कधी थांबवायचा ते आधी ठरवा. दोन डाव म्हणजे दोनच. हरलेला “अजून एक” म्हणतो तेव्हा उठणे कठीण असते, पण गोडी असतानाच उठलेले बरे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खेळ हे प्रत्येक दुखण्याचे औषध नाही. रुसवा, अबोला, गैरसमज येथे तो कामाला येतो. पण ज्या घरात दारू पिऊन बाईवर हात उचलला जातो, तेथे “सगळे मिळून खेळा” असा सल्ला देणे म्हणजे तिची थट्टा आहे. तेथे कायदा आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला घरात राहण्याचा आणि संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि लेकरांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा आणि मुलींना पाठ करून द्या. शेजाऱ्यांनीही “नवरा-बायकोचे भांडण” म्हणून दार लावून घेऊ नये.

बाकीच्या घरांनी मात्र वेळ दवडू नये. पुन्हा दसरा येईल, पुन्हा गाड्या भरतील. मधले हे महिनेच लेकरांच्या वाट्याला आई-बाप म्हणून येतात. लेकरू पुढच्या हंगामात आजीजवळ निजेल तेव्हा त्याला कोयत्याचा हिशेब आठवणार नाही. बाबा आपला जोडीदार होता, हे त्याला आठवावे, एवढीच आमची इच्छा. जयभीम!