फाइल आली, मराठी कुठे गेली?

दीपनगर (ता. भुसावळ) : मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे अनेकांना जुन्या संगणकातील फाइल नव्यात न्याव्या लागत आहेत. मात्र सोसायटीचे इतिवृत्त असो की मंडळाचा जमाखर्च, नव्या संगणकावर उघडताच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू शकते.

फाइल बिघडलेली नसते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरेच दिसतात. म्हणून फाइलसोबत तो फॉन्टही नव्या संगणकात बसवावा. नंतर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये बदलून जोडाक्षरे, आकडे तपासावेत. सगळे नीट वाचता येईपर्यंत जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करू नये.