जोडलेल्या केसांचा भार कोण वाहतो?

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं हेअर एक्स्टेन्शनवर काय बोलणार? एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर आहोत ते तत्त्वज्ञानातले. औषध लिहून द्यायचा अधिकार आम्हाला नाही. पण या विषयात विचार करण्यासारखा एक जुना पेच दडलेला आहे, आणि तो नीट समजला तर पुष्कळ मुलींचे केस वाचतील. म्हणून हा खटाटोप.

केसाला केस जोडणं आपल्याकडे नवीन नाही. आपल्या आज्या गंगावन लावायच्या. वेणी आखूड असली की त्यात गंगावन गुंफायचं, अंबाडा भरदार दिसायचा, आणि रात्री सगळं सोडून खुंटीला टांगायचं. यात शहाणपणाच्या दोन गोष्टी होत्या. एक, गंगावनाचा भार एखाद्या बटेवर न पडता सबंध वेणीवर पडायचा. दुसरी, तो रोज उतरायचा. आजच्या एक्स्टेन्शनबद्दल जे काही सांगायचं आहे, ते बरंचसं या दोन गोष्टींचाच विस्तार आहे बघा.

आता केस म्हणजे काय ते पाहू. डोक्याबाहेर दिसतो तो केस मेलेला असतो. ते केराटिन नावाचं प्रथिन. कापलं तर दुखत नाही. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ. डोक्यावर अशी साधारण 1 लाख मुळं असतात. प्रत्येक केस 2 ते 6 वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर. मग काही महिने विश्रांती घेऊन गळतो, आणि त्याच मुळातून नवा येतो. रोज 50 ते 100 केस गळणं हे म्हणूनच स्वाभाविक आहे. बाहेरचा केस तुटला तर नवा येईल. पण मूळच गेलं तर? तिथे भरपाई नाही. म्हणजे सांभाळायचं आहे ते मूळ.

सतत ताण पडला की मूळ सुजतं, सूज राहिली की आक्रसतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं तर त्याच्या जागी व्रणासारखी ऊती तयार होते. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, ताणामुळे पडणारं टक्कल. 1907 साली त्याची पहिली वैद्यकीय नोंद झाली ती ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट बांधणाऱ्या स्त्रियांबद्दल. म्हणजे दोष एक्स्टेन्शन नावाच्या वस्तूचा नाही, ताणाचा आहे. लवकर लक्षात आलं आणि ताण काढला तर केस परत येतात. उशीर झाला तर येत नाहीत.

आणि इथेच तो पेच येतो. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात मिलेटसचा युबुलिडीज नावाचा ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या नावावर टकल्याचा पेच सांगितला जातो. दाट केसांच्या माणसाचा एक केस उपटला, तर तो टकला होतो का? नाही. आणखी एक? तरी नाही. एका केसाने कधीच फरक पडत नसेल, तर माणूस टकला होतो तरी कधी? वर्गात मुलं याला हसायची. पण आरशासमोर आपण अगदी हाच युक्तिवाद करत असतो. ‘आज एक दिवस घट्ट बांधलं तर काय होतंय?’ काहीच होत नाही. उद्याही होत नाही. आणि एक दिवस कानशिलाजवळची कातडी चमकायला लागते.

या पेचातून व्यवहारात सुटायचा मार्ग एकच. सीमारेषा निसर्ग आखून देत नसेल, तर ती आपण आधी आखायची. कशी ते आता क्रमाने सांगतो.

पहिली रेषा वेदनेची. पार्लरमध्ये सांगतात, ‘चार दिवस ओढल्यासारखं वाटेल, मग बसेल.’ नाही हो. डोकं दुखतंय, मान वळवताना ओढ बसतेय, मुळाशी बारीक पुळ्या आल्यात, तर त्याच दिवशी सैल करून घ्यायचं किंवा काढून टाकायचं. वेदना थांबली म्हणजे ताण गेला असं होत नाही. कधी कधी फक्त सवय झालेली असते.

दुसरी रेषा भाराची. पूर्ण सेट अनेकदा 100 ते 150 ग्रॅमचा असतो. आकडा लहान वाटतो, पण तो किती केसांवर टांगला हे महत्त्वाचं. क्लिपचे केस सर्वांत निर्धोक, कारण ते गंगावनासारखे रोज उतरतात. फक्त क्लिप रोज त्याच जागी लावायची नाही आणि ती लावून झोपायचं नाही. टेपचा पट्टा रुंद असतो, त्यामुळे भार थोडा पसरतो. वितळवून चिकटवलेले बाँड आणि धातूच्या छोट्या रिंगा यांत एका बारीक बटेवर सगळा भार येतो, म्हणून जोडलेली बट आपल्या बटेपेक्षा जड नको. घट्ट वेण्या घालून त्यावर शिवलेल्या केसांत ताण सर्वांत जास्त. आणि डिंकासारखा पदार्थ थेट कातडीला लावू द्यायचाच नाही. जोड कातडीपासून थोडा दूर हवा. कपाळाची कड, कानशिलं आणि मानेवरची लव या नाजूक जागा मोकळ्या सोडायच्या. चिकटवणाऱ्या पदार्थाची ॲलर्जी येऊ शकते, म्हणून दोन दिवस आधी थोडासा कोपराच्या आत लावून पाहायचा.

तिसरी रेषा काळाची. टेप साधारण 6 ते 8 आठवड्यांनी काढून वर सरकवावी लागते, कारण मधल्या काळात आपला केस दीड-दोन सेंटिमीटर वाढलेला असतो आणि जोड खाली लोंबून मूळ पिळतो. काढताना हातात केसांचा पुंजका येतो आणि मुली घाबरतात. थोडा हिशेब करा. रोज 50 ते 100 प्रमाणे दोन महिन्यांत 3 ते 6 हजार केस एरवीही गळतात. त्यांतले जोडात अडकलेले तेवढे एकदम बाहेर आले, इतकंच. मात्र घरी ओरबाडून काढू नका. टेप-बाँडसाठी खास द्रव असतो, तो लावून जाणकाराकडूनच काढून घ्यायचे. मग काही आठवडे डोकं मोकळं ठेवायचं.

रोजच्या काळजीचं थोडक्यात. विंचरताना मुळाशी हाताने धरून शेंड्यांकडून सुरुवात करायची. धुतल्यावर जोड पूर्ण वाळवायचे. पावसाळ्यात तर जास्तच, नाहीतर ओल राहून खाज आणि वास. रात्री सैल वेणी. आणि आपलं लाडकं खोबरेल? मुळाशी लावलं की टेप सुटते. ज्यांना दर रविवारी डोक्यावर तेल थापल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी क्लिपच वापरावी. कृत्रिम धाग्याचे केस उष्णतेने वितळतात, तेव्हा औक्षणाच्या निरांजनापाशी आणि गॅसपाशी जपून. एमआरआय काढायचा असेल तर रिंगा-क्लिपांबद्दल तिथे आधी सांगायचं.

काहींनी मात्र थांबावं. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस गळतात; ते बहुधा वर्षभरात सावरतात, तोवर त्यांच्यावर भार नको. चाई पडली असेल, डोक्यात बुरशी किंवा सोरायसिस असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ. केमोथेरपीत मुळं दुबळी झालेली असतात, तिथे हलका टोप बरा.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुष्कळ जणी एक्स्टेन्शन लावतात ते केस विरळ झाले म्हणून. विरळ केसांवर भार टाकला की ते आणखी विरळ होतात, मग झाकायला आणखी केस लागतात. झाकलेलं दिसत नाही, आणि दिसत नाही ते नाही असं मन धरून चालतं. यावर साधा उपाय आहे. महिन्यातून एकदा, सगळे जोड काढलेले असताना किंवा निदान कपाळावरून मागे सारून, त्याच उजेडात त्याच भांगाचा फोटो काढा. कपाळाच्या कडेला बारीक केसांची झालर उरलीय आणि तिच्या मागचा पट्टा विरळ होतोय असं दिसलं, तर थांबा आणि तज्ज्ञाला दाखवा. आजचा आरसा कालचा फरक दाखवत नाही. सहा महिन्यांपूर्वीचा फोटो दाखवतो.

नटायची हौस वाईट, असं आम्ही म्हणत नाही. लग्नात खोपा भरदार दिसावा असं कुणाला वाटत नाही? जरूर दिसावा. फक्त तो भार रात्री उतरेल याची सोय ठेवावी. इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.