शेजार समजून घेताना : लेखांक ९
लारकान्याची वारसनोंद आणि वॉशिंग्टनचा दरवाजा

३० डिसेंबर २००७. सिंधमध्ये लारकान्याजवळच्या नौदेरो इथल्या भुट्टोंच्या घरी बेनझीर यांचं मृत्युपत्र वाचलं गेलं. तीन दिवसांपूर्वी रावळपिंडीच्या लियाकत बागेबाहेर त्यांची हत्या झाली होती. मृत्युपत्रात त्यांनी आपला पक्ष, पाकिस्तान पीपल्स पार्टी, पती आसिफ अली झरदारी यांच्याकडे सोपवला होता. झरदारींनी अध्यक्षपद एकोणीस वर्षांच्या बिलावलला दिलं, स्वतः सहअध्यक्ष झाले आणि मुलाच्या नावात ‘भुट्टो’ जोडलं. बेनझीर परदेशात असताना मायदेशी पक्ष सांभाळणारे मखदूम अमीन फहीम बाजूलाच राहिले. सातबाऱ्यावर वारसांची नोंद चढावी, तसा पाकिस्तानातल्या एका प्रमुख पक्षाचा फेरफार झाला.

गेल्या आठवड्यात आपण आयूब खान यांच्या काळातली अमेरिकेशी मैत्री पाहिली. तो उघडउघड दोन लष्करी यंत्रणांमधला व्यवहार होता. मग निवडून आलेल्या पक्षांना त्या व्यवहारात जागा का मिळाली नाही? लष्कराची दांडगाई हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. पक्ष घराण्यापुरता उरला, हेही त्याचं कारण आहे असं मला वाटतं.

झुल्फिकार अली भुट्टो यांचे वडील शाहनवाज जुन्या मुंबई इलाख्यात मंत्री होते. झुल्फिकार मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत शिकले आणि पुढे कॅलिफोर्नियाला गेले. त्यांनी १९६७मध्ये लाहोरला पीपल्स पार्टी काढली, ती मात्र वारशाने मिळालेली नव्हती. ‘रोटी, कपडा और मकान’ या घोषणेवर उभी राहिलेली ती खरीखुरी लोकचळवळ होती. अमेरिकेशी त्यांचं बिनसलं ते अणुकार्यक्रमावरून. फ्रान्सकडून घ्यायच्या पुनर्प्रक्रिया प्रकल्पाचा करार सोडून द्यावा म्हणून ऑगस्ट १९७६मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर लाहोरला येऊन गेले. भुट्टो बधले नाहीत. जुलै १९७७मध्ये लष्करप्रमुख झिया-उल-हक यांनी सत्ता घेतली आणि ४ एप्रिल १९७९ रोजी भुट्टो फासावर गेले. पक्ष त्यांच्या पत्नी नुसरत आणि कन्या बेनझीर यांच्याकडे आला.

बेनझीर हार्वर्ड आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या. हार्वर्डमधले त्यांचे मित्र पीटर गॅलब्रेथ पुढे अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीत काम करत होते आणि १९८४मध्ये झियांच्या कैदेतून बेनझीर यांच्या सुटकेसाठी ते झटले. ही ओळख मोलाची होती, यात शंका नाही. पण ती बेनझीर यांची होती, पक्षाची नव्हती. वॉशिंग्टनला पाकिस्तानी लोकशाहीचा एक परिचित, सुसंस्कृत, अस्खलित इंग्रजी बोलणारा चेहरा मिळाला आणि त्याच्या मागे संघटना किती भक्कम आहे, हे विचारायची वॉशिंग्टनला गरज वाटली नाही.

१९८८च्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत त्यांचा पक्ष सर्वात मोठा ठरला. तरी शपथविधी २ डिसेंबरला झाला. मधल्या दोन आठवड्यांत काय घडलं, ते या लेखमालेच्या वाचकाने लक्षात ठेवावं. गुलाम इसहाक खान राष्ट्राध्यक्ष राहतील, साहबजादा याकूब खान परराष्ट्रमंत्री राहतील, अफगाण धोरण आणि अणुकार्यक्रम लष्कराच्या हातून जाणार नाही, हे ठरलं तेव्हाच त्यांना पाचारण झालं. अमेरिकी राजदूत रॉबर्ट ओकली यांना ही व्यवस्था पटलेली होती. पुढच्या जूनमध्ये बेनझीर वॉशिंग्टनला गेल्या. तिथे सीआयएचे प्रमुख विल्यम वेब्स्टर यांनी त्यांना पाकिस्तानच्याच अणुकार्यक्रमाची माहिती दिली. स्वतःच्या देशाचं गुपित पंतप्रधानांना परक्या गुप्तचरप्रमुखाकडून ऐकावं लागलं! त्याच दौऱ्यात अमेरिकी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत त्यांनी आपल्या देशाकडे बॉम्ब नसल्याची आणि तो बनवायचा इरादाही नसल्याची ग्वाही दिली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ऑगस्ट १९९०मध्ये त्यांचं सरकार बरखास्त झालं आणि ऑक्टोबरमध्ये, अण्वस्त्रांच्या मुद्द्यावर मदत रोखणाऱ्या प्रेसलर दुरुस्तीखाली अमेरिकेची मदत थांबली.

मजबूत पक्ष असता, तर बरखास्तीनंतर तो रस्त्यावर उतरून लढला असता. पण पक्षाचे निर्णय घरात होत होते आणि घरातच भांडणं होती. डिसेंबर १९९३मध्ये बेनझीर यांनी प्रत्यक्ष आईलाच अध्यक्षपदावरून दूर केलं, कारण नुसरत यांचा कल मुलाकडे, मुर्तझाकडे होता. १९९६मध्ये कराचीत पोलिसांच्या गोळीबारात मुर्तझा मारले गेले, तेव्हा पुन्हा सत्तेवर आलेल्या बेनझीरच पंतप्रधान होत्या.

२००७ची कथा याच वळणाने गेली. लष्करी सत्ताधीश परवेझ मुशर्रफ आणि बेनझीर यांच्यात समेट घडवण्यासाठी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस यांनी मध्यस्थी केली. खटले मागे घेणारा अध्यादेश ५ ऑक्टोबरला निघाला. वाटाघाट एका व्यक्तीशी होती आणि ती व्यक्तीच तीन महिन्यांच्या आत मारली गेली. झरदारी राष्ट्राध्यक्ष असताना, २००९मध्ये अमेरिकेने केरी-लुगार कायद्याने पाच वर्षांसाठी साडेसात अब्ज डॉलरची नागरी मदत मंजूर केली. लष्करावर मुलकी नियंत्रण असावं, असं त्या कायद्यात सुचवलेलं होतं. कोअर कमांडरांनी जाहीर नाराजी नोंदवली आणि सरकार बचावात गेलं. संसदेत त्या कलमांच्या बाजूने ठामपणे उभं राहण्याचं बळ या पक्षात नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं. मुलकी सत्तेला इतकी अनुकूल संधी क्वचितच आली होती.

बिलावल २०२२मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. मे २०२३मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीसाठी ते गोव्यात आले, तेव्हा आपणही त्यांना जवळून पाहिलं. मे २०२५मधल्या भारत-पाक संघर्षानंतर पाकिस्तानची बाजू मांडायला शिष्टमंडळ घेऊन ते जूनच्या सुरुवातीला अमेरिकेला गेले. त्यांचे वडील तेव्हा पुन्हा राष्ट्राध्यक्ष होते आणि शाहबाज शरीफ पंतप्रधान. १८ जूनला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांनी जेवायला बोलावलं, ते मात्र फील्ड मार्शल असीम मुनीर यांना.

(पुढील आठवड्यात : शरीफ घराणं आणि ४ जुलै १९९९ची ब्लेअर हाउस भेट)