रेस सुटलेले इंजिन

बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आपला जिल्हा दोन भागांत सांगतात : घाटावर आणि घाटाखाली. चिखली, मेहकर वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली. बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलची कसून परीक्षा घेतो. राजदूत आणि बहुतेक येझदींत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. उतारावर मूठ बंद केली की पेट्रोल कमी होते, त्याबरोबर ऑइलही. चाक मात्र इंजिनाला फिरवतच राहते. म्हणून जुने चालक उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस देतात. घाट संपला की घाटाखालचे ऊन असतेच. उन्हाळ्यात तिथे पारा सहज चाळिशी ओलांडतो.

म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून 1996 पर्यंत जावा आणि येझदी तयार झाल्या. 98 सीसीची यामाहा आरएक्स 100 आली 1985 मध्ये आणि बंद झाली 1996 मध्ये. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी यातली प्रत्येक गाडी किमान पंचवीस-तीस वर्षांची आहे. अशा गाडीला जडणारा सर्वांत भयंकर आजार म्हणजे रेस सुटणे. मूठ सोडली तरी आवाज चढत जातो, चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही. बघणाऱ्याला वाटते, इंजिनात अचानक ताकद आली. प्रत्यक्षात त्याला पेट्रोल आणि ऑइल पुरत नसते.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये शिरते आणि तिथून वर ढकलले जाते. म्हणून हा कप्पा हवाबंद असावाच लागतो. क्रँकची दोन टोके त्यातून बाहेर येतात : एक मॅग्नेटकडे, दुसरे गिअर-क्लचकडे. दोन्हीकडे रबरी ऑइल सील असते. उष्णतेने किंवा गाडी वर्षानुवर्षे उभी राहिल्याने हे रबर कडक होते. मग इंजिन तिथून ‘हवा खाते’. कार्बोरेटरने मोजून न दिलेली ही हवा मिश्रण पातळ करते, रेस चढते, उष्णता वाढते. तापून लाल झालेला प्लग किंवा हेडमधला कार्बन ठिणगीचे काम करू लागला की चावीला काही अर्थ उरत नाही.

अशा वेळी गडबडीत पेट्रोल कॉक बंद करणे हा उपाय नव्हे. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल उरलेले असते. ते संपत आले की मिश्रण आणखी पातळ होऊन रेस उलट वाढते. उभ्या गाडीला वरचा गिअर टाकावा, दोन्ही ब्रेक घट्ट धरावेत आणि क्लच सोडून इंजिन दाबून बंद करावे. चोक ओढला तरी मिश्रण घट्ट होऊन इंजिन गुदमरते. एअर फिल्टरचे तोंड हाताला येत असेल तर जाड फडक्याने दाबावे.

इंजिन बंद झाल्यावर चांगला मिस्त्री पाना उचलण्याआधी तपास सुरू करतो. आधी हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे वळवून बघतो. त्याने मुठीची ढील बदलत असेल तर केबल ताणली जाते आहे. मग मूठ फिरवून सोडतो. कार्बोरेटरची स्लाइड खाली आल्याचा स्वच्छ ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नाही आला तर दोष कार्बोरेटरमध्ये किंवा केबलमध्ये, आणि काम स्वस्तात मिटते. पुढे प्लग काढून रंग बघतो : चहासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरा पडला असेल तर हवा जास्त. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइल मात्र कमी होत जाते, तेव्हा संशय क्लचकडच्या सीलवर जातो.

खरा निवाडा दाबाच्या चाचणीने होतो. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करायची, पिस्टन खाली आणायचा आणि प्लगच्या भोकात व्हॉल्व्ह बसवून सायकलच्या पंपाने साधारण 6 पीएसआय हवा भरायची. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त दाब उतरला, तर गळती आहे. मग मॅनिफोल्ड, ब्लॉकखालचे पॅकिंग, हेड यांच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे येतील तिथे वाट सापडली. मॅग्नेट काढून तिथल्या सीलभोवतीही फेस लावायचा. गिअर ऑइलच्या भोकाशी फुसफुस ऐकू आली तर क्लचकडचे सील गेले. काही सील आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबाला टिकते आणि आतल्या ओढीला हार मानते, म्हणून हवा उलटी ओढूनही बघावे लागते. तापल्या इंजिनवर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. त्यात गाडी आणि माणूस दोघेही पेटू शकतात.

अनेकदा रेस वाढली की आयडलचा स्क्रू कमी करून गाडी परत दिली जाते. हे दुखणे लपवणे झाले. आत पातळ मिश्रण ब्लॉक-पिस्टन तापवतच राहते, आणि एक दिवस पिस्टन जाम होतो. सीलचा खर्च किरकोळ असतो, बोअर करून नवा पिस्टन बसवण्याचा नसतो. सील बदलल्यावरही काम संपत नाही : दाब पुन्हा मोजायचा आणि कार्बोरेटर नव्याने सेट करायचा, कारण जुने सेटिंग गळती धरून केलेले असू शकते.

टू-स्ट्रोक इंजिन आता नव्याने फारसे कुणी शिकत नाही, पण आधी स्वस्त कारण तपासा, मग मोजा, मग उघडा, हा क्रम कोणत्याही यंत्राला लागू पडतो. तालुक्याच्या गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्र्यांकडे तो अंगवळणी पडलेला आहे. आयटीआयच्या पोरांना त्यांच्या शेजारी काही दिवस बसवले पाहिजे, आणि ते आताच, हे हात काम करत आहेत तोवर.