तोच रेझर, तीच दाढी. मग मानेवरच पुरळ का? अॅडजस्टेबल रेझरचं गणित समजून घ्या

नाशिक : निफाडचा पारा घसरल्याची बातमी आम्ही दर हिवाळ्यात करतो. त्याच थंडीत घाईघाईत दाढी उरकून ऑफिसला निघालेल्यांच्या मानेवर लाल पुरळ उठतं, त्याची बातमी होत नाही. माझ्या मानेवर ते इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षापासून होतं आणि मी दर वेळी ब्लेडला शिव्या घालायचो. ब्लेडचा दोष अर्धाच होता.

नेमकं काय होतं?

गालावर केस बहुतेक एका दिशेने वाढतात. मानेवर त्वचा सैल आणि केस भोवऱ्यासारखे. तीन-चार पात्यांच्या काट्रिजमध्ये पहिलं पातं केस ओढतं, मागचं तो त्वचेच्या किंचित खाली कापतं. केस कुरळा असेल तर त्याचं टोक आतच वळतं आणि फोड येतो. दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरमध्ये पातं एकच, त्यामुळे हा धोका कमी.

पण साध्या सेफ्टी रेझरमध्ये ब्लेडची धार आणि खालची पट्टी यांतलं अंतर, म्हणजे गॅप, कायमचा ठरलेला असतो. अॅडजस्टेबलमध्ये नॉब फिरवून तो बदलता येतो. फरक मिलिमीटरच्या अंशांचा, पण ब्लेडच जेमतेम ०.१ मिमी जाड असतं. आकडा लहान तर गॅप कमी आणि दाढी सौम्य. आकडा मोठा तर धार जास्त उघडी. दाट खुंट झटक्यात निघतात, हात चुकला तर कापतंही.

कल्पना जुनी आहे. किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. १ ते ९ आकड्यांचा, ‘फॅटबॉय’ नावाने ओळखला जाणारा जिलेटचा रेझर १९५०च्या दशकाच्या अखेरीस आला. आज जर्मनीच्या मर्कूर प्रोग्रेसवर १ ते ५, फ्युचरवर १ ते ६ आकडे असतात.

मग कुठला आकडा?

पहिला आठवडा सगळीकडे १ किंवा २. केस राहिले तर फक्त गालासाठी एक आकडा वाढवा, मानेवर आलात की परत खाली. रेझरच्या वजनानेच काम होतं, दाबू नका. ही सवय सुटायला मला महिना लागला. मानेवर आधी बोटाने चाचपून केसांची दिशा बघा आणि त्याच दिशेने चालवा. उलटा हात नंतर, जमलं तरच.

आकडा बदलताना ब्लेड बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. (लॅबमधला एकच नियम असा उपयोगी पडला.) बोअरचं पाणी जड असेल तर फेस नीट होत नाही, दाढीपुरतं नळाचं कोमट पाणी घ्या. शेवटी तुरटी.

दाढी आठवड्यातून एकदाच करत असाल, तर महागडा अॅडजस्टेबल घेऊ नका. साधा सौम्य रेझर पुरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि घरात रेझर एकमेकांचा वापरू नका. हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात.

वापरलेलं ब्लेड घंटागाडीत सुटं टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याच्या डबीला फट पाडून त्यात साठवा. भरली की चिकटपट्टीने बंद करा, वर ‘ब्लेड’ लिहा आणि वेगळी हातात द्या.