‘लोकलहोस्ट’ म्हणजे नेमके कुठे?

साताऱ्यात कुणी ‘संगमावर भेटू’ म्हणाले, तर ऐकणारा माहुलीला जातो. तिथे वेण्णा कृष्णेला मिळते. हेच शब्द सांगलीत उच्चारले, तर तो हरिपूरची वाट धरतो. तिथे वारणा कृष्णेला मिळते. शब्द तोच, नदीही तीच. बोलणारा कुठे आहे यावर ठिकाण ठरते. संगणकाच्या व्यवहारात असाच एक शब्द आहे, ‘लोकलहोस्ट’. त्याचा अर्थ ‘हेच यंत्र’, म्हणजे विचारणाऱ्याचे स्वतःचे.

या एका शब्दाने सांगलीतल्या काही स्नेह्यांचे काम अडले होते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांच्या आठवणी गोळा करून त्यांनी वर्डप्रेसवर एक ब्लॉग रचला होता. सार्वजनिक करण्याआधी तो त्यांच्याच संगणकावर, डॉकरच्या कंटेनरमध्ये चालत होता. पाने नीट दिसत. पण ठरल्या वेळी आपोआप प्रसिद्ध व्हायचे लेख तसेच पडून राहत, आणि ‘साइट हेल्थ’ या तपासणीच्या पानावर ‘रेस्ट एपीआयपर्यंत पोहोचता येत नाही’ असा इशारा येई. ‘सगळे पुसून नव्याने बसवा’ असा सल्ला त्यांना मिळाला होता. पण टंकलेल्या आठवणींची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मी साताऱ्याहून फोनवर होतो. पहिली गोष्ट सांगितली ती हीच : आधी डेटाबेस आणि छायाचित्रे यांची प्रत काढा.

एपीआय म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची खिडकी. वर्डप्रेसमध्ये लेखांसाठी ही खिडकी 2016 मध्ये 4.7 या आवृत्तीत आली; 2018 च्या 5.0 पासून नवा संपादक लेख साठवतो तोही तिच्यातूनच.

खिडकी उघडत नसेल तर उत्तर काय येते ते आधी पाहावे. 404 आले, तर आपण दारापर्यंत पोहोचलो आहोत, आतली वाट चुकली आहे. पर्मालिंकची मांडणी आणि सर्व्हरचे रीराइटचे नियम तपासावेत. 401 किंवा 403 आले, तर कुणीतरी अडवते आहे. बहुधा सुरक्षेचे प्लगिन. इथे मात्र ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर होते. म्हणजे ज्या दारावर थाप पडत होती, तिथे ऐकणारे कुणीच नव्हते.

कंटेनर ही एक बंद खोली समजा. तिचे नेटवर्कही वेगळे. आत वेब सर्व्हर 80 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत होता आणि डॉकरने संगणकाचे 8080 हे पोर्ट त्याला जोडले होते. ब्लॉगचा पत्ता म्हणून ‘लोकलहोस्ट, 8080’ नोंदलेला. ब्राउझर खोलीबाहेर, म्हणून त्याला हा पत्ता बरोबर सापडे. पण ठरल्या वेळचे काम सुरू करताना वर्डप्रेस स्वतःच्याच पत्त्यावर विनंती पाठवतो. ती खोलीच्या आतून निघते. तिथे ‘लोकलहोस्ट’ म्हणजे ती खोलीच, आणि खोलीत 8080 वर कुणी नाही.

खात्री करणे सोपे होते. कंटेनरच्या आत जाऊन त्यांनी दोन्ही क्रमांकांवर एपीआयचा पत्ता मागवला. 8080 वर नकार आला, 80 वर लगेच उत्तर. दोष ना वर्डप्रेसचा होता, ना डॉकरचा. पत्ता दोन ठिकाणांहून दोन अर्थांनी वाचला जात होता.

उपाय : आतला आणि बाहेरचा क्रमांक एकच ठेवायचा. बाहेरचे 80 आतल्या 80 ला जोडले आणि ब्लॉगच्या पत्त्यातून 8080 काढले. जुन्या लेखांत छायाचित्रांचे दुवे 8080 नेच सुरू होत होते. तेही बदलावे लागले. कंटेनर नव्याने उभा राहिला, तरी मजकूर व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेरच्या साठवणीत असल्याने शाबूत राहिला. डॉकर बंद करताना व्हॉल्यूमही काढण्याचा पर्याय दिला असता, तर तो गेला असता.

हा उपाय त्या एका संगणकापुरता. मी साताऱ्यात तोच पत्ता टाकला, तर माझाच संगणक शोधला जाईल. ब्लॉग गावोगाव वाचला जायचा असेल, तर त्याला स्वतःचे डोमेन नाव हवे, आणि ते कंटेनरच्या आतूनही त्याच ब्लॉगपर्यंत पोहोचते ना, हे आतूनच विचारून पाहायला हवे.