शिक्का

समजा, तुमच्या वर्गात एका मुलाचा कंपास हरवला. शोधाशोध सुरू झाली. कोणी काही बोलले नाही. पण सगळ्यांच्या नजरा मागच्या बाकावरील एकाच मुलाकडे वळल्या. थोड्या वेळाने कंपास मालकाच्याच दप्तरात सापडला. मुले हसली आणि विसरून गेली. तो मुलगा मात्र विसरला नाही. 'सगळ्यांनी माझ्याकडेच का पाहिले?' हा प्रश्न घेऊन तो घरी गेला.

पारधी समाजाच्या मुलांवर असे प्रसंग येतात. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या तालुक्यांत हा समाज राहतो. पारध म्हणजे शिकार. फासे लावून पशुपक्षी पकडणे हा त्यांचा जुना व्यवसाय. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला आणि काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. पुढे पारध्यांवरही हा शिक्का बसला. अशा जमातींतील लोकांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे. परवानगीशिवाय त्यांना गाव सोडता येत नसे. स्वतंत्र भारताने १९५२ साली हा कायदा रद्द केला. कागदावरचा शिक्का पुसला गेला. लोकांच्या मनातला मात्र पुरता पुसला गेला नाही.

तुमच्या वयात 'मी कोण आहे?' हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर आपण इतरांच्या डोळ्यांत शोधतो. तेथे रोज संशय किंवा तिरस्कार दिसला, तर मन हळूहळू म्हणू लागते, 'मी वाईटच असेन.' मग झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही, विनाकारण राग येतो. काही मुले गप्प होतात, तर काही शाळाच सोडतात. मग लोक म्हणतात, 'पाहा, ही मुले शिकतच नाहीत!'

हे खरे आहे का? उत्तर प्रदेशात केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या मुलांना भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही, तेव्हा 'खालच्या' मानलेल्या जातीच्या मुलांनी इतरांइतकीच कोडी सोडवली. सर्वांसमोर जात सांगितली, तेव्हा त्यांची कोडी कमी सुटली. बुद्धी तीच होती. मनावर ओझे मात्र वाढले होते.

जात, धर्म, भाषा, वस्ती, रंग, आजार, अपंगत्व, कशावरूनही असा शिक्का मारला जातो. कदाचित तुम्हीही तो सोसला असेल. कदाचित नकळत दुसऱ्यावर मारलाही असेल.

मग काय करावे? चिडवण्याच्या नावाने कोणाला हाक मारू नका. एकट्या बसणाऱ्या मुलाशेजारी जाऊन बसा. कोणावर खोटा आळ आला, तर 'पुरावा काय?' असे धीटपणे विचारा. तुमचे स्वतःचे मन फार उदास झाले, तर आईवडिलांना किंवा शिक्षकांना सांगा. २०२२ साली सरकारने 'टेली-मानस' ही मोफत सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मदत मागण्यात लाज नाही.

मित्रांनो, १८७१ चा शिक्का कायद्याने मारला होता आणि कायद्यानेच तो काढला. वर्गातला शिक्का कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसतो. तो आपल्या नजरेत असतो. म्हणून उद्या वर्गात काही हरवले, तर आधी आपली नजर कोठे वळते, ते पाहा.